फुंकर

मस्तगडच्या एका छापखान्यात लग्नपत्रिकांचा उर्दू मजकूर गयासोद्दीनच्या हातचा असायचा. बोरूनं अक्षर काढायचं, त्यावर हलकी फुंकर घालायची, मगच पुढचं.

नव्याण्णव साली मालकानं कॉम्प्युटर घेतला आणि सोबत एक काळी पाटी, बिनशाईचा पेन. पेन पाटीवर फिरवला की अक्षर समोरच्या पडद्यावर उमटायचं. गयासनं पहिलं अक्षर काढलं आणि सवयीनं पडद्याजवळ तोंड नेऊन फुंकर घातली. छापखानाभर हशा पिकला.

"दात काय काढून राह्यले? ओली शाई पसरत न्हाई का?" तो खेकसला. आपलीच चूक कळल्यावर तर आणखीच भडकला. पण वर्षभरात त्याचा हात त्या पाटीवर असा बसला, की बोरू कुठं ठेवला तेही तो विसरला.

मग नात झाली. त्याची बायको सरदारबी म्हणाली, "हिचं नाव मातर खऱ्या शाईनं लिहा."

त्यानं बोरू शोधून काढला, जीव ओतून 'मैमूना' लिहिलं आणि कागदाची घडी करून बायकोच्या हातात दिली.

तिनं घडी उघडली. नावाचा नुसता डाग झाला होता.

गयास त्या डागावर कितीतरी वेळ फुंकर घालत बसला.