पाठीकडचा चेहरा

आमच्या गावात मुखवटे वाटण्याचा कार्यक्रम थाटात झाला. वाघ मागून येतो, म्हणून जंगलाकडे जाणाऱ्याने डोक्याच्या मागच्या बाजूला माणसाचा चेहरा बांधायचा, एवढंच सांगायचं होतं. त्यासाठी मंडप, हारतुरे आणि भाषणं लागली. प्रमुख पाहुण्यांनी फोटोसाठी मुखवटा तोंडावरच लावला. मंडपात वाघ नव्हता, म्हणून निभावलं.

माझ्या मोठ्या भावाला गुलाबी गालांचा, मिशीवाला चेहरा मिळाला. आधी तो खूप हसला. मग शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, गवत कापायला जाताना रोज बांधू लागला.

पुढच्या पावसाळ्यात त्याला न्यूमोनिया झाला. मूलच्या दवाखान्यातून चंद्रपूरला पोचेपर्यंत ओठ निळे पडले होते. व्हेंटिलेटर लावूनही ऑक्सिजन वाढेना, तेव्हा डॉक्टर म्हणाले, पालथं झोपवू, पाठीकडच्या फुप्फुसात हवा शिरेल. गुंगीतल्या भावाला पाच-सहा जणांनी नळ्या सांभाळत चादरीसकट उलटवलं.

वहिनी काचेतून पाहत होती. मॉनिटरवरचे आकडे तिला कळत नव्हते, उघडी पाठ कळत होती.

"भाऊजी, असं खाली तोंड केलेल्या मानसाले तो मानूस समजत नाई." ती वाघाचं नाव घेत नाही.

दुसऱ्या दिवशी तिने पिशवीतून मुखवटा काढला.

"बाई, इथी वाघ येते का?" सिस्टर हसली.

"आला तं थांबवाल का तुमी?"

सिस्टरने तो स्पिरिटने पुसला आणि भावाच्या डोक्याशी, सलाईनच्या स्टँडला, दाराकडे तोंड करून बांधला. शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलेल्या मला लाज वाटली. पण आत शिरलो की पालथ्या देहावरून तो गुलाबी चेहरा थेट माझ्याकडे पाही आणि पाय थबकत. मी भिंतीला लागून, वळसा घेऊन खाटेशी जाऊ लागलो. एकदा ते माझ्याच लक्षात आलं. वाघही असाच वळसा घेत असणार.

उताणं केलं की ऑक्सिजन घसरे, की पुन्हा पालथा. शेवटी एका दुपारी उताणा असूनही आकडा टिकला. तोंड इतकं सुजलं होतं की डोळे दिसेनात.

"हेच हायेत ना, भाऊजी?"

मी हो म्हटलं. खात्री नव्हती.

नळी निघाल्यावर भाऊ घोगऱ्या आवाजात म्हणाला, "मांगं कोनीतरी होतं. भिंतीभिंतीनं फिरून राह्यलं होतं. जवळ नाई आलं."

"अरे, मीच असेन."

"तू नाई. त्याचा वास येत होता."

गुंगीच्या औषधाने असे भास होतात, डॉक्टरांनी समजावलं. मीही मान डोलावली.

तेवढ्यात शेजारच्या खाटेवरच्या माणसाला पालथं करायला लोक जमले. त्याची बायको काचेबाहेर उभी होती. वहिनीने मुखवटा सोडला आणि त्याच्या स्टँडला बांधायला घेतला. गाठ सैल बसत होती. मी ती घट्ट केली आणि चेहरा नीट दाराकडे वळवला.