सीट कुणी सरकवली?

"जाधवभाऊ, रविवारी गाडी बघायला माणूस येतोय," करंदीकर काकू फोनवर म्हणाल्या. "निखिलनं परस्पर ठरवून टाकलं. आज मंगळवार, आणि गाडी पुन्हा बंद. तुमच्याकडून काही होईल का?"

दोन महिन्यांत ही गाडी माझ्या गॅरेजमध्ये दोनदा येऊन गेली होती. दोन्ही वेळा मी छातीठोकपणे सांगितलं होतं, "काकू, आता बघायला नको." आणि दोन्ही वेळा आठ-दहा दिवसांत गाडीनं माझं नाक कापलं होतं. किल्ली फिरवली की घुर्र... घुर्र... आणि गप्प.

माझं गॅरेज ग्वाल्हेरला, लश्कर भागात, माधवगंजमध्ये आहे. तीस वर्षं हेच काम करतोय. आमचे पूर्वज दख्खनेतून फौजेबरोबर आले, पणजोबा पागेत घोडे सांभाळायचे. मी गाड्या सांभाळतो. घोडा निदान लंगडून दाखवतो तरी.

काकू निवृत्त शिक्षिका. काका गेले तेव्हा त्यांची लहान पेट्रोल गाडी दारात उभी राहिली. मुलगा निखिल पुण्यात. सगळ्यांना वाटलं, आता ही गाडी जाणार. काकूंनी अठ्ठावन्नाव्या वर्षी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. कारण शहराच्या दुसऱ्या टोकाला, मुरारला, त्यांची थोरली बहीण अंथरुणाला खिळलेली. सोमवारी आणि गुरुवारी काकू तिकडे जातात, ताईंना न्हाऊ-माखू घालतात आणि वेणी घालून परत येतात. नर्स आहे, पण ताई नर्सला केसांना हात लावू देत नाहीत.

गाडी बंद पडायला लागली आणि तीन-चार वार चुकले. निखिलनं निदान फोनवरूनच केलं: आईला गाडी चालवता येत नाही. क्लच नीट दाबत नसेल, लाइट चालू ठेवत असेल. गाडी विका, ऑटोनं जा. काकूंना राग गाडी विकण्याचा नव्हता. "बेचना है तो बेच दे," त्या म्हणाल्या होत्या, "पण माझ्या हातात खोट आहे म्हणून नको."

ते मला लागलं. कारण मनातल्या मनात मीही तेच म्हणत होतो.

तोवर मी काय केलं होतं ते सांगतो. पहिल्या वेळी बॅटरी मोजली. भरलेली बॅटरी साधारण साडेबारा व्होल्टच्या थोडं वर दाखवते. ही बारालाही पोहोचत नव्हती. म्हणजे उपाशी. चार्ज केली, लोड टाकून तपासली. बॅटरी ठणठणीत. दुसऱ्या वेळी बघितलं की बंद गाडीत कुठे चोरून करंट जातोय का. जात नव्हता. अल्टरनेटर, म्हणजे गाडी चालताना बॅटरी भरणारं यंत्र, चोख. स्टार्टर चोख. स्कॅनर लावला, एकही एरर नाही. फक्त स्पार्क प्लग काढले तर ते काजळीनं काळेकुट्ट. पेट्रोल पेटवणारी ठिणगी जिथे पडते, तिथेच काजळी. पेट्रोल जास्त येतंय म्हणून इंजेक्टर तपासले, तेही चोख. प्लग बदलले. गाडी तीन दिवस गॅरेजमध्ये ठेवली. तिन्ही सकाळी अर्ध्या किल्लीत स्टार्ट. काकूंच्या घरी गेली, की आठवड्यात पुन्हा रडगाणं.

मी त्यांना विचारलंही होतं, "काकू, तुम्ही गाडी किती वेळा स्टार्ट करता?"

"दोन वार. जाताना एकदा, येताना एकदा."

हे उत्तर शंभर टक्के खरं होतं. गंमत तिथेच होती.

तर त्या मंगळवारी मी बॅटरी आणि जम्पर केबल घेऊन दाना ओली मोहल्ल्यातल्या त्यांच्या बोळात गेलो. आधीच्या दोन्ही वेळा काकूंनी कुणाकडून तरी केबल लावून घेऊन गाडी स्वतः गॅरेजला आणली होती. या वेळी पहिल्यांदा मी ती जागेवर बघत होतो. बोळाच्या तोंडाशी उभी होती. मागे ओळीनं आणखी चार गाड्या, एकीच्या नाकाला दुसरीची शेपटी.

दार उघडून बसलो. आरामात बसलो. आणि तिथेच थांबलो.

मी सहा फुटी माणूस. काकू जेमतेम पाच फूट, त्याही उशी घेऊन बसतात. त्यांच्या गाडीत बसायचं तर माझे गुडघे स्टिअरिंगला टेकायला हवेत. इथे सीट पार मागे आणि उशी मागच्या सीटवर. आरशात मला छत दिसत होतं.

"काकू, सीट कुणी सरकवली?"

"गुप्ताजींनी असेल. नाहीतर सक्सेनांच्या सुनेनं. पण ती एवढी मागे नाही घेत."

"ते कशाला बसतात तुमच्या गाडीत?"

"गाडी हटवायला." काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी आकाश निळं का म्हणून विचारलं. "किल्ली तिथे खुंटीवर असते न. ज्याला निघायचं तो माझी गाडी बाहेर काढतो, आपली काढतो, माझी परत लावून देतो. सगळ्यांच्या किल्ल्या अशाच. आमच्या बोळाची रीतच आहे."

मी कपाळावर हात मारला. तीस वर्षांचा मिस्त्री!

पण खात्री केल्याशिवाय बोलायचं नाही, ही दोनदा नाक कापलं गेल्यावर आलेली अक्कल. बॅटरी लावून दिली, किलोमीटर लिहून घेतले आणि बुधवारी सकाळी सात वाजता काकूंच्या ओट्यावर जाऊन बसलो. काकूंनी चहा दिला, बरोबर शंकरपाळे. मी वहीत रेघा ओढत होतो.

सात वीसला सक्सेनांची सून निघाली. गाडी स्टार्ट, रस्त्याच्या कडेला, बंद. पुन्हा स्टार्ट, पुन्हा जागेवर, बंद. दोन रेघा. मग शाळेत मुलं सोडणारे एक गृहस्थ. दोन. ते परत आले. आणखी दोन. मग गुप्ताजींचा मुलगा, मग खुद्द गुप्ताजी. अकरापर्यंत दहा रेघा झाल्या. गाडी दहा वेळा स्टार्ट झाली होती आणि मीटरवर धड एक किलोमीटरही वाढला नव्हता.

आता सोपं करून सांगतो. गाडी स्टार्ट करताना बॅटरीतून घसघशीत करंट जातो. तो भरून यायला गाडी बराच वेळ चालावी लागते. इथे ती मिनिटभर चालायची. दिवसातून दहा-पंधरा वेळा घ्यायचं, द्यायचं काहीच नाही. शिवाय थंड इंजिनला सुरुवातीला जास्त पेट्रोल लागतं. इंजिन तापायच्या आत बंद केलं की ते नीट जळत नाही आणि प्लगवर काजळी धरते. अशक्त बॅटरी आणि काळे प्लग. मग घुर्र घुर्र होणार नाही तर काय?

गुप्ताजी साड्यांचे व्यापारी. मी त्यांना गाठलं. "गुप्ताजी, गाड़ी उठने में दिक्कत करती है, आपको पता था?"

"अरे मिस्त्रीजी, रोज करती है! नहीं उठती तो हम धक्का मारके सरका देते हैं."

"तो मैडम को बताया क्यों नहीं?"

त्यांनी आवाज खाली आणला. "नई-नई सीखी हैं. बुरा मान जातीं."

काकूंना वाईट वाटू नये म्हणून पूर्ण बोळ गाडी ढकलत होता! आणि तोंडाशी जागाही प्रेमानंच दिलेली. काकूंना बोळातून रिव्हर्स घेता येत नाही, म्हणून सगळ्यांनी मिळून ठरवलं, मॅडमची गाडी पुढे. आठवड्यात दोनदा निघणारी गाडी दारात, आणि दिवसातून चारदा निघणाऱ्या मागे. पागेत असं कुणी केलं असतं तर पणजोबांनी चाबूक काढला असता. पहिला निघणारा घोडा दाराशी बांधायचा, हे त्यांना शाळेत न जाता कळत होतं.

"काकू," मी म्हटलं, "तुमच्या हातात काही खोट नाही. गाडीतही नाही. गाडी फक्त सगळ्यात आत लावायची. सोमवारी-गुरुवारी तुम्ही साडेअकराला निघता, तेव्हा बोळ रिकामाच असतो."

त्यांचा चेहरा आधी उजळला, मग पडला. "म्हणजे पूर्ण बोळ रिव्हर्स?"

"पूर्ण बोळ."

दोन्हीकडे ओटे, एका जागी नळाचा चौथरा. दोन्ही आरशांना चार-चार बोटं जागा. मीसुद्धा तिथे श्वास रोखून गाडी काढतो. काकूंनी बोळाच्या टोकापर्यंत नजर टाकली. मग म्हणाल्या, "पस्तीस वर्षं सातवीला गणित शिकवलंय. हे काय त्याहून कठीण आहे?"

प्लग बदलले, न जळलेल्या पेट्रोलचा वास मारणारं ऑइल बदललं, बॅटरी पूर्ण भरली. गुरुवारी मुरारहून परतल्यावर काकूंनी रिव्हर्सचा सराव सुरू केला. मी चालत पुढे, त्या आरशात बघत मागे. पहिल्या दिवशी चौथऱ्याला बंपर घासला. शुक्रवारी काकूंनी चौथऱ्याच्या कोपऱ्यावर खडूनं रेघ मारली. शनिवारी मला म्हणाल्या, "तुम्ही ओट्यावर बसा. मध्ये मध्ये येता."

रविवारी निखिल पुण्याहून हजर, बरोबर गाडी बघायला आलेला दलाल. गाडी तीन दिवस सगळ्यात आत होती, काकूंशिवाय कुणी हात लावला नव्हता. बोळाची मंडळी कुठलं ना कुठलं काम काढून ओट्यांवर आली होती. पुढच्या चारही गाड्या गुप्ताजींनी स्वतः बाहेर काढून ठेवल्या.

"आई, किल्ली दे, मी काढतो," निखिल म्हणाला. "रहने दे ना, उगाच कुठे ठोकशील."

काकूंनी उशी ठेवली, सीट पुढे ओढली, आरसा नीट केला. किल्ली फिरली. अर्ध्या किल्लीत इंजिन बोललं, एकदाही न अडखळता. आणि गाडी मागे निघाली. सावकाश, सरळ, नळाच्या चौथऱ्यापाशी जराशी वळून पुन्हा सरळ, थेट रस्त्यावर. गुप्ताजींनी टाळी वाजवली आणि अख्ख्या बोळानं ती उचलून धरली. मीही वाजवली. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते रुमालानं घामाबरोबर पुसलं.

दलाल बॉनेटला कान लावून म्हणाला, "गाड़ी तो एकदम फिट है, माताजी. बताइए, क्या लेंगी?"

"बेचनी नहीं है," काकू म्हणाल्या. मग मुलाकडे वळून, "बस. मावशीकडे जाऊ. रविवारी गेले तर ती म्हणेल, आज कशी काय?"

निखिल मागचं दार उघडायला लागला, मग काय वाटलं कुणास ठाऊक, पुढे आईशेजारी जाऊन बसला. पट्टाही लावला.

गाडीचा रोग शोधताना आम्ही मिस्त्री लोक गाडीलाच सगळं विचारतो. तेव्हापासून स्टार्टिंगची तक्रार घेऊन कुणी आलं, की मी बॉनेट उघडायच्या आधी विचारतो, "घरी किल्ली कुठे टांगता?" लोक चमकतात. चमकू देत. मी आधी सीट बघतो.