न हलवायचं औषध

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर किरटं. कुणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं.

माझ्या सुमनच्या अंगात जन्मापासून एक एन्झाइम तयार होत नाही. त्यामुळे पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढून तिचं पोट फुगलं होतं. दर पंधरवड्याला दवाखान्यात तेच एन्झाइम तिला सलाइनमधून देतात.

पहिल्या वेळी सिस्टरांनी बाटलीतल्या पांढऱ्या भुकटीत पाणी सोडलं, तेव्हा मी मदत म्हणून बाटली हलवायला घेतली.

“अहो मावशी, थांबा! फेस आला की औषध मोडतं.”

“आईला ताक घुसळायची सवय आहे,” सुमन हसली.

सिस्टर बाटली तळहातांत हळूहळू फिरवत राहिल्या. इतकं नाजूक औषध आत जाऊन काम कसं करत असेल? मला विरजण आठवलं. तेही शेजारून चमचाभर आणावं, दुधात घालावं आणि भांडं हलवू नये. पण विरजण एकदा आणलं की घरचं होतं. हे का होत नाही, असं मी सिस्टरांना विचारलं.

“हे अंगात टिकत नाही, मावशी. पुन्हा पुन्हा द्यावं लागतं.”

आज सुमनने परकराची गाठ मारली, तर नाडीची टोकं गुडघ्यापर्यंत लोंबली. गेल्या वर्षी तीच नाडी गाठीपुरतीही उरत नव्हती.