फिलोमिना मॅडमचा सक्तीचा विषय

"मॅडम गेल्या," एवढंच शशांक फोनवर म्हणाला... कुठल्या मॅडम, हे विचारावं लागलं नाही. वसईच्या आमच्या कॉलेजात कॉमर्सला मॅडम बऱ्याच होत्या, पण बारा वर्षांनंतर जिच्यासाठी मित्र ऑफिसच्या वेळेत फोन करेल अशी एकच, फिलोमिना मॅडम. निवृत्तीला जेमतेम वर्ष उरलं होतं. या गोष्टीला आता महिना उलटला, तरी त्यांची आठवण आली की आधी हसूच येतं. त्यांना ते चाललं असतं.

मॅडम फाउंडेशन कोर्स शिकवायच्या. हिशेबाचे विषय आमचे सख्खे आणि समाज, शेती, पाणी असं सगळं एकत्र करून सक्तीचा केलेला हा विषय सावत्र. त्याच्या तासाला आम्ही कॅन्टीनमध्ये सापडायचो. पण त्यात एक प्रकल्प असायचा आणि तो जमा केल्याशिवाय मॅडम परीक्षेला बसू देत नसत. मला परीक्षा चुकवून चालणार नव्हतं. वर्ष गेलं तर कॉलेज बंद आणि काकांच्या वर्कशॉपमध्ये रुजू, असं वडिलांनी सांगून ठेवलं होतं, आणि आमचे वडील बोलले की करत.

तरी मी शेवटच्या आठवड्यापर्यंत निवांत होतो. विरारला स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे जुने प्रकल्प मिळायचे. त्यातला 'गिरीजमधील एक विहीर' मी उचलला. वसईजवळच्या त्या गावातल्या पेद्रूबाबा नावाच्या बागायतदाराची मुलाखत, केळीची वाडी आणि तिची विहीर. एका बैठकीत सगळं उतरवून काढलं. चोरी पकडली जाऊ नये म्हणून शेवट तेवढा स्वतःच्या डोक्याने लिहिला. विहीर बुजवून टाकली, पेद्रूबाबांना वृद्धापकाळाने देवाघरी धाडलं आणि वर दोन ओळींची श्रद्धांजलीही वाहिली.

दुसऱ्याच दिवशी मॅडमनी स्टाफरूममध्ये बोलावलं. माझं शेवटचं पान त्यांच्यासमोर उघडं होतं.

"हे आमचे बाबा," त्या शांतपणे म्हणाल्या. "सकाळी चहा देऊन आलेय त्यांना. बरे वाटले."

काकांचं वर्कशॉप डोळ्यांपुढे आलं... मॅडम ओरडल्या नाहीत. वही परत दिली आणि म्हणाल्या, शनिवारी घरी ये, ज्यांना मारलंस त्यांनाच विचारून लिही.

गेलो. बाबा विहिरीजवळ खुर्ची टाकून वाटच बघत होते. त्यांची बोली मला अर्धीमुर्धी कळायची, म्हणून मॅडम माझ्या शेजारी बसून अर्थ सांगत होत्या. बाबांचा पहिलाच प्रश्न त्यांनी हसू दाबत सांगितला, "मला मारून किती मार्क मिळणार होते?" मग त्या शनिवारी आणि पुढच्याही शनिवारी मी विचारत बसलो. रहाट जाऊन पंप कधी आला, पाणी कशाने मचूळ व्हायला लागलं. आमच्या बिल्डिंगला येणारा टँकर अशाच विहिरींवर भरतो, हे मला तिथे कळलं. तोवर पाणी गच्चीवरच्या टाकीतून येतं, एवढीच माझी समज. प्रकल्प जमा झाला, परीक्षेला बसलो, पास झालो, वर्कशॉप टळलं. आज हिशेबावर माझं पोट भरतं, पण माणसासमोर बसून त्यालाच विचारावं, हे मॅडमनी शिकवलं, तेही सक्तीने. त्या सक्तीचे माझ्यावर फार उपकार आहेत.

गेल्या रविवारी गिरीजला जाऊन आलो. बाबा ऐंशीच्या पुढे गेलेत, पण आहेत. ज्यांना मी कागदावर मारलं ते समोर बसलेले आणि मॅडम नाहीत, हे मला अजून पटत नाही. सांत्वनाची वाक्यं ठरवून गेलो होतो, ती तशीच राहिली. मी विचारलं, "बाबा, मॅडम लहानपणी कशा होत्या?"

बाबा बराच वेळ बोलत होते. मध्येच हसले, मध्येच डोळे पुसले. एका वाक्याला तर खो खो हसले आणि ते नेमकं मला कळलं नाही... अर्थ विचारायला मी सवयीने शेजारी वळलो.