भोंगेवाल्या काकांची शांतता

‘माणूस जातो, पण आवाज अमर असतो.’

हे वाक्य माझं नाही. आमच्या संस्थेच्या अध्यक्षांनी कॉलेजच्या रेडिओ केंद्राचं उद्घाटन करताना ते दोनदा उच्चारलं. दुसऱ्यांदा डोळे मिटून. त्याच भाषणात एक आवाज कायमचा कसा गेला, ते पुढे सांगतो.

आधी माझ्याबद्दल. मी खामगावला एका कॉलेजात मराठी शिकवतो. भुताखेतांच्या गोष्टी आवडीने वाचतो, पण विश्वास शून्य... कारण अशा गोष्टींत भूत पाहिलेला माणूस नेहमी सांगणाऱ्याच्या मित्राचा मामा असतो आणि मामा हयात नसतो. इथे मामा नाही. मी स्वतः खोलीत होतो, दुपार होती आणि जेवण बेताचंच झालं होतं.

आमची मुलं रेडिओवर एक कार्यक्रम करतात — ‘बसा, बोलू’. गावातल्या माणसांच्या मुलाखती. स्टुडिओ म्हणजे खेळाच्या सामानाची जुनी खोली. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना जुन्या गाद्या लावलेल्या. मुलाखत संपली की मुलं आणखी एक काम करतात. पाहुण्यासकट सगळ्यांनी अर्धं मिनिट गप्प बसायचं आणि ती शांतता वेगळी रेकॉर्ड करायची. एडिटिंग करताना वाक्यांमधल्या फटी भरायला ती लागते. ‘शांतता घेतली का?’ असं मुलं एकमेकांना विचारतात. कॉलेजात इतरत्र ती मिळत नाही, म्हणून मला या प्रथेचं कौतुक आहे.

उद्घाटनाआधी सराव म्हणून ज्या मुलाखती झाल्या, त्यात भोंगेवाले काका होते. आयुष्यभर रिक्षावर भोंगा लावून त्यांनी गावात पुकारे केले. साड्यांचा सेल, कुस्त्यांची दंगल, उद्या नळ येणार नाहीत, हरवलेलं पोर अमक्या दुकानात बसवलंय. गावात त्यांचा आवाज न ओळखणारा माणूस नव्हता. मुलाखत घेतली ती रेणुकाने — देऊळघाटची, तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, होस्टेलवर राहणारी. मदतीला अक्षय.

मग उद्घाटन. मंच ‘स्टुडिओसारखा दिसावा’ म्हणून आमचा कॉम्प्युटर उचलून मंचावर नेला आणि त्याला हार घातला. त्यामुळे मुलाखती कॉम्प्युटरवर घेता आल्या नाहीत, रेकॉर्डरच्या मेमरी कार्डातच राहिल्या. भाषणही त्याच कार्डावर रेकॉर्ड होत होतं. अध्यक्ष अमरत्वावर आले आणि कार्ड भरलं. प्राचार्यांनी डोळे वटारले. अक्षयने घाबरून जुनं सगळं पुसलं आणि पुढचं भाषण नीट रेकॉर्ड झालं.

काकांना परत बोलावू, असं आम्ही ठरवलं. काकांना तेवढा वेळ मिळाला नाही. त्या उन्हाळ्यात ते गेले.

वर्ष होत आलं तेव्हा एका दुपारी त्यांची बायको, इंदूकाकू, कॉलेजात आल्या. येत्या रविवारी पहिलं पुण्यस्मरण होतं. त्या खुर्चीच्या टोकावर बसल्या आणि सरळ मुद्द्यावर आल्या.

“सर, याईचा आवाज पाह्यजे. मी इसरून राह्यली.”

घरात एकही रेकॉर्डिंग नव्हतं. मुलाच्या मोबाइलमध्ये फोटो भरपूर, आवाज कुठेच नाही. रोज सकाळी उठून त्या आठवून पाहायच्या, आणि रोज थोडा कमी आठवायचा. आता भोंगा आठवतो, म्हणाल्या, माणूस नाही आठवत.

मी खरं काय ते सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. पदर सारखा केला आणि उठायला लागल्या. ते पाहून रेणुका म्हणाली, “सर, शांतता आहेत माझ्याकडे.”

एडिटिंगच्या सरावासाठी तिने फक्त शांतता तेवढ्या उद्घाटनाआधीच पेन ड्राइव्हवर घेतल्या होत्या. सहा-सात फायली. नावं — शांतता, शांतता नवी, शांतता नवी फायनल. कोणती कोणाची, हे तिलाही माहीत नव्हतं. सगळ्या एकाच खोलीतल्या, पंखा बंद करून घेतलेल्या. एका बाईला नवऱ्याऐवजी रिकामी फाइल द्यायची, हे मला फार बरं वाटेना. पण काकू म्हणाल्या, “लाव पोरी.”

रेणुकाने लॅपटॉप उघडला. हेडफोन लावून काकू ऐकू लागल्या. पहिलीला नकारार्थी मान हलवली. दुसरीला विचारलं, “हे कोन?”

“कोणी नाही काकू, शांतता आहे.”

“कोनी तरी हाये. पन हे नोहे.”

चौथीला त्या सावरून बसल्या. “हाव. हे हायेत.”

मी संशयी माणूस. लॅपटॉप माझ्याकडे फिरवून घेतला, क्रम बदलला, मध्ये दुसऱ्याच दोन घुसवल्या. त्यांनी पुन्हा तीच धरली.

“सर, तुमी मले फसवून राह्यले का?”

मी नाही म्हटलं. खोटं होतं. मग मुकाट्याने तीच फाइल परत परत लावत राहिलो. काकू डोळे मिटून ऐकत होत्या. हळूहळू त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“पान हाये तोंडात,” त्या म्हणाल्या. “मले म्हने सोडलं. डाक्टरसमोर शपथ घेतली होती या मानसानं.”

रेणुकाच्या हातातली वायर खाली पडली.

तिने मला नंतर नीट सांगितलं. मुलाखत संपल्यावर तिने सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं, तेव्हा काकांनी खिशातून पुडी काढली, पान गालात धरलं आणि बोटाने खूण केली — घरी सांगू नको. खोलीत ती आणि अक्षय, बस. दोघांनीही कोणाला सांगितलं नव्हतं.

त्या वेळी मात्र ती एवढंच म्हणाली, “काकू, त्यांनी सांगू नको म्हटलं होतं.”

“तू कुठी सांगलं, पोरी.”

काकू हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. मग म्हणाल्या, “दिवसभर गावाले बोलायचे. घरी आले का असेच बसत. मी म्हनो, माह्याशी बोलाले तोंड नाही का तुमाले. असेच बसत... माह्याजवळ.”

फाइल त्यांनी मुलाच्या मोबाइलवर घेतली. रविवारी ती स्पीकरवर लावली. लोक बसले होते. मुलाला वाटलं ब्लूटूथ तुटलं, शेजारच्याला वाटलं लाइट गेली. काकूंनी कोणालाही उठू दिलं नाही.

भौतिकशास्त्राच्या आमच्या सरांनी सगळ्या फायली कॉम्प्युटरवर तपासल्या. सारख्याच, म्हणाले, फार तर श्वासाचा फरक. पानाचं काय, असं मी विचारलं. ते चहा प्यायला गेले.

मीही अधूनमधून हेडफोन लावतो. मला काही ऐकू येत नाही. पण मी त्यांच्या घरचा नाही. स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, आणि आता मी ते कोणाकडे मागतही नाही.

अध्यक्षांचं भाषण पूर्ण सुरक्षित आहे. तीन प्रती आहेत. अजून कोणी मागायला आलेलं नाही.