कोंडीरामचं बिनभिंतीचं घर

कोंडीराम जातीने सुतार नव्हता, हाताने होता. खेडकडच्या त्याच्या गावी सुताराने त्याला रंध्याला बोट लावू दिलं नव्हतं. सोळाव्या वर्षी तो डिलाईल रोडच्या चाळीत चुलत्याकडे आला, गिरणीच्या सुतारखात्यात चिकटला आणि पुढच्या वीस वर्षांत त्याने इतकी दारं बसवली, की अर्ध्या परळची माणसं त्याच्या कड्या लावून झोपत. काटकोनावर त्याची अशी काही भक्ती, की ताटात भाकरी गोल आली म्हणूनही तो जरा नाराज असायचा, असं त्याची बायको जाईबाई सांगायची.

छप्पन साली नागपूरला जाऊन त्याने दीक्षा घेतली आणि परतल्यावर एकच धोशा लावला: आपल्या नावाची जमीन पाहिजे. गावी राबायला शिवारभर रान होतं, नावावर ढेकूळ नव्हतं. योगायोग असा, की एक सरकारी कचेरी अँटॉप हिलच्या उतारावरची पडीक जागा भाजीपाल्यासाठी वाटत होती. अटी दोनच. जागेवर घर हवं आणि पीक वेळेवर निघायला हवं. तीन वर्षं हे जमलं तर जमीन कायमची नावावर; एकदा जरी चुकलं तर परत. कोंडीरामला दहा गुंठे मिळाले. पहिल्याच रविवारी त्याने दोरी ताणून, काटकोनाचा गुण्या लावून भेंडी टोकली. एक रोप रेषेबाहेर झुकायला लागलं तेव्हा त्याला दोन खपाट्या ठोकून वठणीवर आणलं.

मग घर. कुठल्याही कारागिराला ठाऊक असतं, की घरात पहिल्यांदा उभी राहते ती दाराची चौकट. गिरगावात एक जुना बंगला पाडत होते, तिथलं सागवान त्याने आणलं, तीन महिने खपून दार घडवलं, जमिनीच्या कडेला रस्त्याकडे तोंड करून चौकट पुरली, हार घातला, पेढे वाटले. आता एक रविवार भिंतींना आणि एक रविवार संयुक्त महाराष्ट्राला, अशी वाटणी ठरली. पण ते दिवसच असे होते, की सगळेच रविवार महाराष्ट्राला गेले. मोर्चा, सभा, घोषणा, पुन्हा मोर्चा. भिंती राहिल्या त्या राहिल्याच. दार मात्र होतं. कोंडीराम रोज कडी काढून शेतात शिरायचा, आत गेल्यावर दार लोटून घ्यायचा. बकऱ्या बाजूने यायच्या, पण बकऱ्यांना कुठली आलीय रीत?

वर्षअखेरीला कचेरीचे तपासनीस अच्युतराव आले. गिरगावातल्या जुन्या, एकेकाळच्या जमीनदार घरातला सज्जन माणूस. कागदावर जे नाही ते जगात नाही, अशी त्यांची श्रद्धा. उघड्या माळावर दारासमोर उभं राहून त्यांनी कडी वाजवली.

"कोन हाय?" चार हातांवरून त्यांच्याकडे बघत कोंडीरामने विचारलं.

"तपासणी."

दार उघडलं. कागदावर रकाने होते: घर आहे काय, दार कोणत्या लाकडाचं, आतून बंद होतं काय. भिंतींचा रकानाच नव्हता. अच्युतरावांनी लिहिलं, 'घर एक. दार सागवानी. उत्तम.' दुसऱ्या वर्षीही तेच.

तिसरं वर्ष सरत आलं आणि साठचा एप्रिल उजाडला. महाराष्ट्र होणार हे नक्की झालं होतं. नवं राज्य यायच्या आत जुने कागद तपासायचे म्हणून कचेरीने वाटलेल्या जागांवरच्या सगळ्या घरांना सील ठोकायचा हुकूम काढला. तीस तारखेला अच्युतरावांनी कोंडीरामच्या कडीला सुतळी गुंडाळली, लाख ओतली आणि नोटीस डकवली: 'दाराच्या आत कोणीही पाऊल टाकू नये.' आणि आत भेंडी एक-दोन दिवसांत तोडणीला येणार होती.

भेंडी कुणासाठी थांबत नाही. दोन दिवसांत जून होते आणि चार दिवसांत तिने खिळा ठोकता यावा इतकी कडक होते. पीक निघालं नाही तर अट मोडली, जमीन गेली.

"अवो, बाजूनं चला की," जाईबाई म्हणाली. "बकऱ्या जात्यात तशा."

"बाजूनं गेलो तर ह्ये घर न्हाय, असं मीच म्हणल्यासारखं झालं. घर न्हाय तर जमीन न्हाय."

"आन् न्हाय गेलात तर भेंडी न्हाय!"

तो दारापुढे बसून राहिला.

एक मेला गिरणगावात दिवाळी झाली. तोरणं, पणत्या, ढोल. कोंडीरामही घसा बसेपर्यंत ओरडला आणि दुसऱ्याच दिवशी कचेरीत गेला.

"सील जुन्या राज्याचं," अच्युतराव हळहळत म्हणाले. "ते राज्य आता नाही, म्हणजे तोडायला कोणी नाही. आणि नव्या राज्याचा शिक्का अजून आमच्याकडे आलेला नाही."

"सायेब," बसलेल्या घशाने कोंडीराम म्हणाला, "ह्या राज्यासाठी माजं तीन वर्साचं ऐतवार गेलं. माज्या घराच्या भिंती गेल्या हो त्यात!"

तो संतापाने बाहेर पडला. पण सुताराचा संताप फार वेळ डोक्यात राहत नाही, हातात उतरतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने सुतारखात्यातले चार गडी नेले, सीलला धक्का न लावता चौकट दारासकट उपटली, गर्रकन फिरवली आणि त्याच खड्ड्यांत उलटी पुरली. ओळंबा लावून पाहिला. आता दाराची बाहेरची बाजू शेताकडे होती. शेत बाहेर, रस्ता आत. जाईबाई चाळीतल्या बायकांना घेऊन निवांत बाहेरच्या भेंडीत शिरली.

दुपारी अच्युतराव धावत आले.

"कोंडीराम! सीलबंद घरात शिरलात?"

"मी भायेर हाय सायेब," दारापलीकडून भेंडी तोडता तोडता कोंडीराम म्हणाला. "आत तुमी हायसा."

अच्युतरावांनी दाराकडे पाहिलं. समोर आतला अडसर होता. सील पलीकडे होतं. बाजूने जावं तर घर नाही असं ठरतं, आणि 'घर एक' हे तर त्यांच्याच हाताने दोनदा लिहिलेलं. मग त्यांची नजर खाली गेली. त्यांनी पायांतल्या वहाणा काढल्या आणि तापल्या रस्त्यावर एका बाजूला नीट ठेवल्या.

"माफ करा," ते म्हणाले. "वहाणा घालून तुमच्या घरात आलो."

त्यांनी पिशवीतून कागद काढला, गुडघ्यावर ठेवून लिहिलं आणि दाराखालून सरकवला. 'सील तोडावे. घर आहे. पीक निघाले. जमीन कोंडीरामच्या नावे कायम करावी.' शिक्का नव्हताच, नुसती सही.

कोंडीरामने लाख फोडली, दार उघडलं. समोर अनवाणी अच्युतराव पाय भाजत उभे होते. खेडच्या त्या गावात वरच्या आळीतून जाताना कोंडीरामचा बाप जन्मभर वहाणा हातात घेऊन चालला होता, आणि त्या आळीतल्या एकाही घरात त्याला पाऊल टाकता आलं नव्हतं. 'या सायेब, भायेर या' असं काहीतरी कोंडीरामला म्हणायचं होतं. त्याला हुंदका आला. बायका भेंडी तोडायच्या थांबल्या, आणि तो दार धरून सगळ्यांदेखत रडला.