बाबांचं हृदयाचं औषध

बाबांचं डोकं दुखायला लागलं तेव्हा घरात कुणी काकांचा विषय काढला नाही, पण आठवण तिघांनाही होती. बाबांच्या या थोरल्या भावाचंही असंच डोकं दुखायचं, आणि एका सकाळी ते मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले. बाबांचा चेहरा तर संध्याकाळी लालबुंद व्हायचा, नाक चोंदायचं, कपाळ ठणकायचं. हिंजवडीहून कंपनीच्या बसने परतताना मी फोन हातात धरूनच बसायचे. फार भीती वाटायची.

त्यातच बाबांनी आईला गॅसचा सिलिंडर बदलायला शिकवायला घेतलं. लग्न झाल्यापासून त्या कामाला त्यांनी कुणाला हात लावू दिला नव्हता. "रेग्युलेटर असा दाबायचा. लक्ष आहे का?" आई मान डोलवायची आणि मग निवडलेली कोथिंबीर पुन्हा निवडत बसायची.

सदाशिव पेठेतल्या आमच्या जुन्या डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, डोळ्यांत बॅटरी मारली आणि स्कॅन करून घेऊ म्हणाले. लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "मद्य घेता?"

"आयुष्यात शिवलेलो नाही," बाबा ताठ बसून म्हणाले.

मी शेजारीच होते. मलाही ते शंभर टक्के खरं वाटलं.

आई मात्र घाबरून सगळंच सांगत सुटली होती. "अहो, ते हृदयाचं औषध सांगा की. संध्याकाळी घेता ते."

"कुठलं औषध?"

"लाल वाईन," बाबा म्हणाले. "फुलपात्रभर."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "ती काढ्यात मोडते होय?"

फिरायला येणाऱ्या कुणा मित्राने वाईन हृदयाला चांगली, असं बाबांच्या डोक्यात भरवलं होतं. दुकानाची पायरी ते चढणार नाहीत, म्हणून बाटली मी आणायची, कापडी पिशवीतून. ती च्यवनप्राशाशेजारी राहायची. आता च्यवनप्राशाच्या फळीवर दारू कशी असेल? शिवाय ऑफिसच्या पार्टीत मीही तीच वाईन घेते आणि मला काही म्हणता काही होत नाही, असं मी डॉक्टरांना सांगितलं.

"तुम्हाला होत नाही, यांना होतं," डॉक्टर म्हणाले. लाल वाईन द्राक्षाच्या सालीसकट आंबवतात. सालीतलं काहीतरी काहींच्या शरीरात अल्कोहोल पचू देत नाही, असं म्हणतात. कुणाला आंबवताना तयार होणारी द्रव्यं सोसत नाहीत. नेमकं कारण अजून पक्कं ठाऊक नाही. "पंधरा दिवस बंद करा. तरीही दुखलं तर स्कॅन आहेच. आणि हृदयासाठी आपलं चालत जा."

"म्हणजे मी इतके दिवस दारू पीत होतो?"

"हो. आणि अगदी नियमित."

जिन्यात आईला हसू आवरेना. बाबा रुसून दोन पायऱ्या पुढे चालत होते.

डोकेदुखी थांबली ती थांबलीच. पंधरा दिवस झाले तरी मी रोज संध्याकाळी त्यांच्या चेहऱ्याचा रंग बघत होते. तो सावळाच राहिला. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं.

मग एका रविवारी पोळ्या अर्ध्यावर असताना गॅस संपला. आईने पदर खोचला आणि शिकवल्याप्रमाणे रेग्युलेटरला हात घातला.

बाबा पेपर टाकून उठले. "राहू दे," ते म्हणाले. "मी आहे ना."